एका माणसासाठी कायदा

शार्पव्हिल आपण ऐकलेलं असतं. रॉबर्ट सोबुक्वे हे नाव सहसा नसतं. मलाही कैक वर्षं ठाऊक नव्हतं. भिंतीवर मंडेलांचा फोटो होता, तेवढ्यावर माझं भागत होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या ग्राफ-रेनेट गावी १९२४ साली जन्म. बाप मजूर, आई गोऱ्यांच्या घरी राबणारी. पोरगा शिकला, मास्तर झाला. १९५४ पासून जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात झुलू भाषा शिकवू लागला. असा माणूस दिसला की आपण म्हणतो, हा आता आपला राहिला नाही.

हा राहिला. एप्रिल १९५९ मध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचा पहिला अध्यक्ष झाला. भाषणात त्याने बजावलं की वंश एकच, माणसाचा.

काळ्या माणसाच्या खिशात पास नसला की तुरुंग. सोबुक्वे म्हणाला, पास घरी ठेवू, आपणच ठाण्यावर जाऊ. जामीन नाही, बचाव नाही, दंड नाही. पुढारी सगळ्यात पुढे. नोकरी सोडून २१ मार्च १९६० ला तो ऑर्लँडोच्या ठाण्यावर चालत गेला. पास नाही, पकडा म्हणाला. त्याच दिवशी शार्पव्हिलला पोलिसांनी निःशस्त्र गर्दीवर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ६९ मेले. कितीकांना गोळी पाठीत लागली, म्हणजे ते पळत होते. सोबुक्वेने घाई केली, असं तेव्हाही म्हटलं गेलं. तो प्रश्न मी टाळत नाही. पण लोकांना पुढे घालून तो मागे थांबला नव्हता.

चिथावणीबद्दल ३ वर्षं शिक्षा झाली. ती १९६३ साली संपली. मग पुढची ६ वर्षं कशाची? गुन्हा नाही, खटला नाही. सरकारने कायद्यात नवं कलमच घातलं: शिक्षा भोगून झालेल्या कैद्यालाही मंत्र्याने डांबून ठेवावं, दरवर्षी मुदत वाढवावी. ते वापरलं फक्त सोबुक्वेवर. लोक त्याला 'सोबुक्वे कलम' म्हणू लागले. रॉबेन बेटावर त्याला वेगळ्या घरात एकटं ठेवलं. इतर कैद्यांशी बोलायची बंदी. कैदी जवळून गेले की तो मूठभर माती उचलून बोटांतून सोडायचा. एवढंच बोलणं.

१९६९ मध्ये किंबर्लीला नेऊन नजरकैदेत ठेवलं. तिथे तो वकील झाला. २७ फेब्रुवारी १९७८ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. पासचे कायदे १९८६ ला रद्द झाले. त्याने पाहिले नाहीत.

आपण मोर्चाची तारीख ठरवतो, पत्रकं काढतो. मी स्वतःला विचारतो, तुम्हीही विचारा: ठाण्याची पायरी पहिल्यांदा कोण चढणार?