मागील सुसंगतता (प्रोसेसर)

मागील सुसंगतता म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठी तयार केलेली आज्ञावली कोणताही बदल न करता नव्या प्रोसेसरवर चालण्याचा गुणधर्म होय. आज्ञावली काळाच्या ओघात झिजत नाही. मात्र ती लिहिताना प्रोसेसरविषयी काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. सूचनासंच, वेग आणि स्मृतीतील बाइटांचा क्रम ही अशी तीन प्रमुख गृहीतके आहेत. नव्या प्रोसेसरवर यांपैकी एखादे खरे राहिले नाही, तर आज्ञावली बंद पडते किंवा चुकीचे उत्तर देते.

सूचनासंचातील फरक

प्रत्येक प्रोसेसर ठरावीक यांत्रिक सूचनाच ओळखतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक संगणकशास्त्र अभ्यासक्रमातून ८०८५ हा प्रोसेसर बुलढाणा जिल्ह्यासह राज्यभरातील विद्यार्थ्यांना परिचित झाला. इंटेलने तो १९७६ मध्ये आणि ८०८६ हा १९७८ मध्ये बाजारात आणला. ८०८५ चा यांत्रिक संकेत ८०८६ वर थेट चालत नाही. परंतु असेंब्ली भाषेतील मूळ संहितेचे ठरावीक नियमांनी रूपांतर करता येईल, अशी ८०८६ ची रचना होती. म्हणजे येथे सुसंगतता संहितेच्या पातळीवर होती, यांत्रिक संकेताच्या पातळीवर नव्हती.

८०८६ च्या पुढील पिढ्यांनी त्याच्या १६-बिट सूचना कायम ठेवल्या. तथापि २००३ पासून प्रचारात आलेल्या ६४-बिट कार्यपद्धतीत ‘आभासी ८०८६’ ही सोय उपलब्ध नसते. त्यामुळे विंडोजच्या ६४-बिट आवृत्तीवर डॉसच्या जुन्या आज्ञावली थेट चालत नाहीत.

वेगाचे गृहीतक

सूचनासंच तोच असूनही केवळ वेग वाढल्याने बिघाड होऊ शकतो. टर्बो पास्कल ७.० मधील ‘सीआरटी’ हे मॉड्यूल याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. विलंब मोजण्यासाठी हे मॉड्यूल आरंभी घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे आवर्तन किती वेळा पूर्ण होते हे मोजत असे आणि त्या संख्येला ५५ ने भागत असे. भागाकार १६ बिटांत मावणे आवश्यक होते. म्हणजे तो ६५,५३५ पेक्षा मोठा चालत नसे. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढील प्रोसेसरवर ही मर्यादा ओलांडली जाऊ लागली व आज्ञावली ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन थांबू लागली. हा संदेश वस्तुतः शून्याने भागल्याचा आहे. प्रत्यक्षात शून्याने भागाकार झालेला नसतो. मॉड्यूल आरंभीच चालत असल्याने वापरकर्त्याच्या संहितेतील पहिल्या ओळीपर्यंतही काम पोहोचत नसे.

परम महासंगणक

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅक) परम मालिकेत प्रोसेसरचे कुळच अनेकदा बदलले. १९९१ च्या परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, २००३ च्या परम पद्ममध्ये पॉवर-४ आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेल झिऑन वापरले गेले. ट्रान्सप्युटरमध्ये परस्परांशी संवाद साधणारे दुवे चिपमध्येच होते. नंतरच्या प्रोसेसरांत हे काम जाळे व संदेशवहनाच्या आज्ञावलींकडे गेले. १९९४ मध्ये सिद्ध झालेल्या ‘एमपीआय’ या मानकामुळे समांतर आज्ञावली एका प्रोसेसरशी बांधून न ठेवता लिहिणे शक्य झाले.

बाइटांचा क्रम

संहितेचे नव्याने संकलन केले, तरी जुन्या विदा-फायलींचा प्रश्न उरतो. सोलारिसवरील अल्ट्रास्पार्क आणि एआयएक्सवरील पॉवर-४ संख्येचा सर्वांत मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवतात, तर झिऑन सर्वांत लहान स्थानमूल्याचा. चार बाइटांत साठवलेला १ हा अंक उलट क्रमाने वाचल्यास १,६७,७७,२१६ होतो. अशा वेळी आज्ञावली थांबत नाही व त्रुटीचा संदेशही येत नाही. गणित चुकीच्या संख्यांवर पुढे चालू राहते. म्हणून हा दोष आज्ञावली बंद पडण्यापेक्षा अधिक धोकादायक ठरतो.

उपाय

मूळ संहिता उपलब्ध असल्यास नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा संकलन करणे हा सर्वांत टिकाऊ उपाय होय. ती हरवली असल्यास अनुकारकाचा आधार घ्यावा लागतो. डॉसबॉक्स हा अनुकारक जुना संगणक आज्ञावलीच्या रूपात उभा करतो आणि त्याचा वेगही कमी ठेवता येतो. त्यामुळे सूचनासंच व वेग या दोन्ही अडचणी दूर होतात. वेग गृहीत न धरता घड्याळ वाचणे, फायलीतच बाइटांच्या क्रमाची नोंद ठेवणे आणि संहितेसोबत संकलकाची आवृत्ती जतन करणे या सवयींमुळे पुढील स्थलांतर सुकर होते.