रोबोटिक लॉन मोअरची बॅटरी : चार्जिंग आणि निगा
माणूस मागे न लागता हिरवळीवर फिरून गवत खुडणाऱ्या यंत्राला वीज पुरवणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी घटमाला. घरगुती यंत्रांत ती बहुधा १८ व्होल्टच्या आसपासची असते. प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच लिथियम-आयन सेल एकामागोमाग जोडले की हा आकडा येतो. क्षमता अडीच अँपिअर-तास धरली तर साठा ४५ वॉट-तास भरतो, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीएवढाच. एवढ्याशा साठ्यावर अख्खे अंगण निभावते, कारण हे यंत्र वाढलेले गवत एका दमात कापत नाही. ते जवळजवळ रोज फिरते आणि दर खेपेस थोडेथोडे शेंडे उडवते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की ते मार्गदर्शक तारेच्या किंवा अन्य खुणेच्या आधाराने चार्जिंग स्टेशनकडे वळते, स्टेशनच्या संपर्कपट्ट्यांना आपल्या पट्ट्या भिडवते आणि बॅटरी भरली की पुन्हा कामाला लागते.

स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये बाजारात आणलेले यंत्र फक्त सूर्यप्रकाशावर चालत असे. त्यामुळे ढग आले की कामही मंदावे. १९९८ च्या ऑटोमोअरपासून जमिनीवरचे चार्जिंग स्टेशन आले. आधीच्या पिढ्यांत निकेलयुक्त बॅटऱ्या असत, पुढे लिथियम-आयन रुळली. बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी हा समज निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला अर्धवट चार्जिंग मानवते, पूर्ण रिकामे होणे नाही.

यंत्र आपले आपण चार्ज होते म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि बिघाड नेमका संपर्कपट्ट्यांपाशी सुरू होतो. उघड्यावरच्या या पट्ट्यांवर दव, खत आणि गवताचा रस साचून काळपट थर चढतो. यंत्र स्टेशनात उभे दिसते, पण बॅटरीत वीज जात नाही, किंवा तुटक तुटक जाते. स्टेशनची वीज आणि यंत्राचा मुख्य स्विच बंद करून पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासल्या की बहुतेक तक्रारी मिटतात. ‘बॅटरी गेली’ असा निकाल देण्याआधी पाती आणि यंत्राची खालची बाजूही पाहावी. बोथट पाती किंवा चिकटलेल्या ओल्या गवताचा थर मोटरवर भार टाकतो आणि चांगली बॅटरीही लवकर उतरते. साफ करताना उच्च दाबाचा फवारा मारू नये, पाणी सीलमधून आत शिरते.

तापमान हा खरा शत्रू. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास लिथियम ऋणाग्राच्या आत मुरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचते. क्षमता कायमची घटते, शिवाय आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका राहतो. वरची मर्यादा बहुतेक सेलना ४५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यातली हवा. बॅटरीचे नियंत्रक सर्किट या मर्यादांबाहेर चार्जिंग रोखते. तो बिघाड नव्हे, पहारा आहे. स्टेशन सावलीत बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

उत्तर युरोपात हिवाळ्यात गवत वाढत नाही, यंत्र महिनोन्‌महिने घरात पडून राहते. बॅटऱ्या मरतात त्या मुख्यतः याच काळात. मुख्य स्विच चालू राहिला तर यंत्रातले सर्किट थेंबथेंब वीज पीत राहते. सेलचे व्होल्टेज फारच खाली गेले की ऋणाग्रामागच्या तांब्याच्या पत्र्यातले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे साचते. म्हणून चार्जर अशी बॅटरी नाकारतो. दुसऱ्या चार्जरच्या तारा थेट लावून तिला ‘उठवण्याची’ कारागिरी आग लावू शकते. लिथियम सेल सुमारे निम्म्या भारावर ठेवले तर कमी झिजतात, तरी काही उत्पादक पूर्ण चार्ज करूनच ठेवायला सांगतात. रसायन आणि माहितीपुस्तिका यांच्यातल्या या मतभेदात पुस्तिकेचे ऐकावे : पूर्ण भरल्याने होणारी झीज थंड जागी थोडीच असते, पूर्ण रिकामी झालेली बॅटरी मात्र हातची जाते. जागा कोरडी, गारठ्यापासून दूर, १० ते २० अंशांची असावी.

वेळापत्रकाचाही चार्जिंगशी संबंध आहे. रात्री बाहेर पडणारे हेजहॉग हे छोटे काटेरी प्राणी या यंत्रांच्या पात्यांखाली जखमी होतात, म्हणून जर्मनीतील कोलोन शहराने २०२४ मध्ये रात्रीच्या वापरावर बंदी घातली. अशा ठिकाणी सर्व फेऱ्या आणि त्यांमधले चार्जिंग दिवसाउजेडीच बसवावे लागते. मोठ्या हिरवळीला मग जास्त क्षमतेची बॅटरी लागते.

क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरी उतारवयाला लागली असे मानण्याचा प्रघात आहे. फेरी आखूड होत जाते, स्टेशनकडे परतणे वाढते. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी मात्र क्षमता न पाहता काढावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी संकलन केंद्रात द्यावी. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आल्या पाहिजेत. मुख्यतः पाण्याच्या शिडकाव्यात चालणाऱ्या, धुता येण्याजोग्या उपकरणांना त्यात सवलत आहे, पण त्यांचीही बॅटरी निदान स्वतंत्र कारागिराला बदलता यायला हवी.