पांघरूण कोणी घालायचे?

मराठीत आपण झोपलेल्या मुलावर पांघरूण घालतो आणि एखाद्याच्या गैरकृत्यावरही पांघरूण घालतो. पहिल्यात माया, दुसऱ्यात लबाडी. बायबलच्या जुन्या करारातले 'कासा' हे हिब्रू क्रियापद वाचताना मला हा वाक्प्रचार हटकून आठवतो.

'कासा' म्हणजे झाकणे. जुन्या करारात ते सुमारे दीडशे वेळा येते. 'कसूत' म्हणजे वस्त्र, हा शब्दही त्याच धातूचा. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा दारूच्या धुंदीत उघडा पडतो, तेव्हा शेम आणि याफेथ हे मुलगे पाठमोरे चालत जाऊन त्याला वस्त्राने झाकतात. त्याच पुस्तकात पुढे यहूदा भावांना विचारतो की, योसेफाला मारून त्याचे रक्त झाकण्यात आपला काय फायदा? क्रियापद तेच. एके ठिकाणी बापाची अब्रू झाकली जाते, दुसऱ्या ठिकाणी भावाचा खून झाकण्याची भाषा होते.

हा शब्द खरा उलगडतो तो दावीदाच्या नावावर असलेल्या ३२व्या स्तोत्रात. ज्याचे पाप झाकले गेले तो धन्य, असे आरंभी म्हटले आहे. पाचव्या वचनात तोच भक्त सांगतो की, आपण आपला दोष झाकला नाही. दोन्हीकडे 'कासा'च! माणूस स्वतः झाकायचे सोडतो, तेव्हा देव झाकतो, असा हा मेळ आहे.

इसवी सनापूर्वीच झालेल्या ग्रीक भाषांतराने दोन्ही ठिकाणी एकाच धातूचे शब्द वापरून तो राखला. प्रार्थनेत रूढ झालेल्या लॅटिन पाठात मात्र पहिल्या ठिकाणी 'आच्छादणे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'लपवणे' अशी दोन वेगळी क्रियापदे आली. हे स्तोत्र पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांपैकी एक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गोव्याच्या चर्चमध्येही उपासनेची भाषा लॅटिनच होती. अर्थ पोहोचत होता, पण मूळ शब्दाची ती गाठ सुटली होती. मराठीत मात्र 'झाकणे' दोन्हीकडे चपखल बसते.

नीतिसूत्रांतही हेच क्रियापद भेटते. प्रेम दुसऱ्याचे अपराध झाकते, पण स्वतःचे अपराध झाकणाऱ्याचे भले होत नाही.

म्हणून एखादी संस्था आपल्याच माणसांचे गुन्हे दडपते आणि त्याला क्षमा म्हणते, तेव्हा मला ती भाषा खोटी वाटते. पांघरूण घालण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. ज्याने नुकसान केले, त्याने आधी ते उघडे करायला हवे.