सिलिंडरच्या खांद्यावर काय लिहिलंय?

स्कूबाचा सिलिंडर समोर आला की मी आधी त्याचा खांदा वाचतो. खांदा म्हणजे व्हॉल्व्हच्या खालचा गोल उतार, जिथे अक्षरं आणि आकडे ठोकलेले असतात. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचायची सवय, दुसरं काय. फरक एवढाच की हा लॉग कुणाला डिलीट करता येत नाही.

आत असते साधी हवा, सुमारे दोनशे पट दाबलेली. ती सगळीकडे सारखीच. तरीही एका देशात बिनबोभाट भरून मिळणारा सिलिंडर दुसऱ्या देशातला कंप्रेसरवाला हात न लावता परत करतो. याचं कारण शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं, की स्कूबा येण्याआधीच प्रत्येक देशाला दाबलेल्या वायूची भीती वाटून गेली होती, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी वाटली होती.

अमेरिकेत ती रेल्वेच्या मालडब्यात वाटली. तिथल्या जुन्या सिलिंडरवर 'आयसीसी' असा शिक्का दिसतो. हा आंतरराज्य वाणिज्य आयोग, रेल्वेच्या कारभारावर लक्ष ठेवणारा. 1967 मध्ये वाहतूक खातं सुरू झालं आणि शिक्का 'डीओटी' झाला. म्हणून तिथला सिलिंडरचा कायदा आजही वाहतुकीचा कायदा आहे. दर पाच वर्षांनी सिलिंडर पाण्याने भरून चाचणी होते. 3000 पीएसआयचा नेहमीचा ॲल्युमिनियम सिलिंडर 5000 पर्यंत ताणतात. दाब काढल्यावर तो पूर्ववत व्हायला हवा. एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांहून जास्त फुगवटा कायम राहिला, तर सिलिंडर बाद. दरवर्षी दिवा घालून आतून बघायचं, हे मात्र त्या केंद्रीय कायद्यात नाही. ती डायव्हिंगवाल्यांनी स्वतःला लावून घेतलेली शिस्त आहे. स्टिकर नसेल तर दुकानदार भरत नाही.

फ्रान्सची गोष्ट मला जास्त आवडते. 1943 मध्ये कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केलं. युद्धात पेट्रोल नव्हतं, गाड्या गॅसवर चालवायच्या होत्या. त्यासाठी गान्यांने केलेला व्हॉल्व्ह माणसाच्या श्वासाला जोडला गेला. त्या देशात दाबाच्या भांड्यांची तपासणी खाण अभियंत्यांकडे होती, कारण वाफेचे बॉयलर त्यांच्याच देखरेखीखाली असत. चाचणी झालेल्या सिलिंडरवर ते घोड्याच्या डोक्याचा शिक्का मारत. समुद्रात उतरायला खाणवाल्यांच्या घोड्याची परवानगी! अनेक वर्षं तिथे चाचणी दर दोन वर्षांनी असे. क्लबचा प्रशिक्षित माणूस दरवर्षी आतून तपासत असेल, तर पाच वर्षांनी. ऑस्ट्रेलियात तर परंपरेने दरवर्षी.

आपल्याकडे ही भीती स्फोटकांच्या खात्यात जमा झाली. 1884 च्या स्फोटक कायद्याखाली 1940 मध्ये गॅस सिलिंडरचे नियम आले, आणि आजचे 2016 चे नियमही त्याच कायद्याखाली आहेत. या खात्याचं मुख्यालय नागपुरात. मालवणच्या पाण्यात श्वास घ्यायचा, पण सिलिंडरला मान्यता मिळणार देशाच्या मधोमध बसलेल्या स्फोटक नियंत्रकांकडून.

हा नुसता कागदी घोळ वाटेल, पण आट्यांकडे बघा. युरोपात व्हॉल्व्हचा आटा 25 मिलिमीटरचा, अमेरिकन गळ्याचा नावाला पाऊण इंच, प्रत्यक्षात जरा मोठा. युरोपियन व्हॉल्व्ह अमेरिकन गळ्यात काही फेरे बसतो. हाताला ठीक वाटतो. दाब चढला की गोळीसारखा बाहेर येऊ शकतो, आणि त्या वेळी समोर भरणारा माणूस उभा असतो.

तोच माणूस 6351 या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या वेळीही समोर होता. सतत दाबाखाली राहून या सिलिंडरच्या गळ्याला तडे जातात. भरताना फुटून माणसं जखमी झाली. लक्सफरने 1988 मध्ये अमेरिकेत हा धातू सोडला. पुढे तिथल्या नियमांनी पाच वर्षांच्या चाचणीत विजेच्या प्रवाहाने तडे शोधण्याची तपासणी घातली. ती पार केली की सिलिंडर कायदेशीर. तरीही तिथले कितीतरी दुकानदार तो भरायला साफ नकार देतात. गिऱ्हाईक कागद दाखवून वाद घालतं. मी दुकानदाराच्या बाजूने आहे. गिऱ्हाईक काउंटरपाशी थांबतं, कंप्रेसरपाशी दुकानदार उभा असतो.