समाजसेवकाची शाळा

वैद्यास वैद्यकी शिकावी लागते, वकिलास कायदा शिकावा लागतो, ह्याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु दुसऱ्याचे दुःख हलके करण्याची विद्याही शिकावी लागते व तीसाठी शाळा असावी लागते, असे म्हटले की पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. अंतःकरण असले म्हणजे झाले, त्यास पदवी कशाला, असा त्यांचा सवाल असतो. बुलढाणा जिल्ह्यातील एखादा पदवीधर मुलगा 'मी समाजकार्य शिकून व्यसनी माणसांत काम करणार' असे म्हणाला, तर घरची वडील मंडळी प्रथम चकित होतात आणि मग चिंतेत पडतात. ही चिंता समजण्यासारखी आहे. पण ह्या विद्येचा इतिहास पाहिला, तर तिचा पहिला धडा परदेशात नव्हे, आपल्या वऱ्हाडातच, एका दारुड्याच्या घरी गिरविला गेला असे दिसून येते.

ते घर अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथील झिंगराजी परिटाचे. त्याच्या पोटी १८७६ साली डेबूजी जन्मास आला; पुढे महाराष्ट्र त्यास गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. दारूने झिंगराजीचा संसार धुळीस मिळविला आणि अखेर त्याचा प्राणही घेतला. सखूबाई पोरक्या मुलास घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरी गावी माहेरी आली. मुलगा शाळेत गेला नाही. मामाची गुरे त्याने राखली. पण दारू घरात शिरली म्हणजे पहिला घास कोणाच्या तोंडचा जातो, हे त्यास ग्रंथावाचून कळले होते. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण देण्याऐवजी त्याने गोडाधोडाचे जेवण घातले. भाऊबंदांचा रोष पत्करून केलेली ही गोष्ट लहान दिसते. पण सुधारणेचा आरंभ आपल्याच पंक्तीत करावा लागतो, हे तीत आहे.

१९०५ साली घर सोडल्यावर बाबांनी दिवसा खराट्याने गावे झाडली आणि रात्री कीर्तनाने मने झाडली. त्या कीर्तनाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. बाबा सांगत थोडे आणि विचारीत फार. कर्ज कशाने झाले, पोरगा शाळेत का गेला नाही, दारूने कोणाचे भले झाले, असे प्रश्न ते श्रोत्यांपुढे टाकीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. मनुष्य दुसऱ्याचा उपदेश विसरतो, पण स्वतःच्या मुखाने दिलेला कबुलीजबाब त्यास सहसा विसरता येत नाही. आजचा शिकलेला समुपदेशक खोलीचे दार लावून एका माणसापाशी जे करतो, तेच हा निरक्षर मनुष्य हजारोंच्या समुदायात करीत होता.

मात्र कीर्तनास एक मर्यादा होती. रात्र सरली म्हणजे समुदाय पांगे, आणि दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेस दारुडा आपल्या तलफेपुढे एकटाच उभा राही. त्या घटकेस त्याच्याजवळ कोण असावे? गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकरास उपदेश करणारी आणि नावे ठेवणारी माणसे त्या नाटकात आहेत. सिंधूसारखी साध्वीही आहे. पण निश्चय करूनही तो ढळतो, तेव्हा त्यास पुन्हा कसे उभे करावे, ही विद्या कोणापाशीच नाही. कायद्यापाशीही ती नव्हती. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८ साली दारूबंदीचा कायदा केला. त्यामागील हेतू स्तुत्य होता. तथापि कायदा गुत्त्यास कुलूप लावू शकतो, तलफेस लावू शकत नाही.

ह्या विद्येची पद्धतशीर शाळा अमेरिकेत १८९८ साली न्यूयॉर्कच्या एका उन्हाळी वर्गाने सुरू झाली. आपल्याकडे ती १९३६ साली मुंबईस नागपाड्यात उघडली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट नागपाड्याच्या दाट वस्तीत सेवाकेंद्र चालवीत होते. केवळ भूतदयेने हे काम निभत नाही, त्यास तयार माणसे हवीत, असे त्यांच्या ध्यानी आले. आणि टाटा विश्वस्तांच्या साहाय्याने सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाची दोन वर्षांची शाळा निघाली. १९४४ साली तिचे टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले आणि १९५४ साली ती देवनारास गेली. नागपुरास मातृसेवा संघाने १९५८ साली समाजकार्याचे विद्यालय काढल्यावर विदर्भातील मुलामुलींस ही वाट जवळची झाली.

तेथे शिकवितात ते काय? व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन ही नावे जड आहेत. गाभा सोपा आहे. दुसऱ्याचे बोलणे मध्येच न तोडता ऐकावे; ऐकलेले गुप्त राखावे; पाप-पुण्याचा निवाडा करू नये; मनुष्यास त्याच्या घरासकट, कर्जासकट व रोजगारासकट पाहावे; आणि केलेल्या कामाची नोंद ठेवून ती वडीलधाऱ्या मार्गदर्शकास दाखवावी. ह्यासाठी विद्यार्थ्यास वर्गाबाहेर, वस्तीत व रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते. आपली दया आपल्या अहंकारापासून वेगळी ओळखावयास शिकणे, हा ह्या सर्व अभ्यासाचा कठीण भाग होय.

तरीही शास्त्रास एक गोष्ट साधत नव्हती. व्यसनी मनुष्य सज्जनांपुढे खोटे बोलतो. आपल्यासारख्यापुढे मात्र त्यास खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य हे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही मंडळी उभी राहिली. महाराष्ट्रात ह्या अनुभवाची व शास्त्राची गाठ पुण्यास पडली. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे हेलावले आणि त्यांच्या देणगीतून १९८६ साली येरवड्यास 'मुक्तांगण' सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट ह्यांनी ते घडविले. पस्तीस दिवसांच्या उपचारांतून बरे झालेले रुग्ण तेथेच कार्यकर्ते झाले. आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. व्यसन एकाचे असले तरी आजार सर्व घरास जडतो, हे सखूबाईने व सिंधूने मुकाट्याने सोसलेले सत्य येथे उपचाराचे अंग बनले.

आता बुलढाण्याकडे वळू. घाटावर असो की घाटाखाली, पुण्याहून पस्तीस दिवसांनी गावी परतलेल्या माणसास छत्तिसाव्या दिवशी कोण भेटते? जुने सोबती भेटतात, सावकार भेटतो, संशयाने पाहणारे नातलग भेटतात. शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांची मदतयोजना आली, त्यांत बुलढाणा होता. तेव्हा येथे पेल्यामागील कर्ज आणि कर्जामागील पेला असे दोन्ही ओळखणारा मनुष्य हवा. तो शहरातून महिन्यास एकदा येणारा पाहुणा असून चालणार नाही. मेहकर-चिखलीची बोली बोलणारा, ज्याच्या ओसरीवर संध्याकाळी जाऊन बसता येईल, असा तो पाहिजे. ज्या मुलाची घरची मंडळी चिंतेत पडतात, त्याची जागा हीच आहे. ह्या धंद्यात पैसा बेताचा आहे, आणि आज सुधारलेला मनुष्य उद्या पुन्हा पिऊन आलेला पाहण्याचे दुःख त्याहून मोठे आहे. ते सोसण्याचे बळ केवळ उत्साहाने येत नाही. त्यासाठीच शिक्षण घ्यावयाचे.

बाबांनी जेथे नदीचा घाट बांधविला, त्या ऋणमोचनावरून वाहणारी पूर्णा पुढे बुलढाणा जिल्ह्यात येते. आणि ह्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठास जोडली आहेत, त्या १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. ज्यास अक्षर ओळखता येत नव्हते, त्याचे नाव बुलढाण्याच्या पदवीधराच्या पदवीपत्रावर असते. पदवी हवीच, पण तिच्यावरील नाव वाचून, आपण ही विद्या कोणाच्या घरातून शिकलो, एवढे ज्याला आठवेल, त्याच्या दाराशी आलेला दारुडा रिकाम्या हाताने परत जाणार नाही.