तेल कुठून येतंय?

जुन्या कब कॅडेट ट्रॅक्टरचा मालक भेटला की तक्रार ठरलेली : "मागून तेल गळतंय." मागून म्हणजे नक्की कुठून, हे त्याला विचारण्यात अर्थ नसतो. तेल खाली उतरतं, गाडी चालताना मागे पसरतं, बिडावरून ओघळत जाऊन सगळ्यात खालच्या बोल्टला लोंबतं. मालक बिचारा तोच बोल्ट आवळत बसतो.

मी हे काम सांगलीत शिकलो, बी-२७५ वर. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी १९६३ साली भागीदारीत कंपनी काढली आणि १९६५ पासून कांदिवलीत हा ट्रॅक्टर बनायला लागला. त्याचं मागचं सील गेलं की तेल ब्रेकात उतरायचं, आणि उसाची ट्रॉली घेऊन उतारावर निघालेल्या माणसाला ते सगळ्यात आधी कळायचं! आमचे उस्ताद म्हणायचे, "तेल बघू नकोस, धूळ बघ. वर कुठपर्यंत चिकटलीय ते बघ." पुढे मुलाकडे इलिनॉयला येऊन राहिलो, तर इथेही हार्वेस्टरचाच माल पुढ्यात. फक्त लालऐवजी पिवळा-पांढरा.

कब कॅडेट १९६१ मध्ये आला. युद्धानंतर शहरांबाहेर घरं उभी राहिली, घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ आली, आणि ढकलायच्या यंत्राने ती कापता कापता माणसं थकली. केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात हार्वेस्टर १९४७ पासून फार्मऑल कब हा छोटा शेतीचा ट्रॅक्टर काढत होती. त्याच्याच गिअरबॉक्सच्या आधाराने बागेच्या ट्रॅक्टरची मागची पेटी बनली आणि पुढे सात हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन बसलं. नांगरटीच्या हिशेबाने आखलेलं बीड गवत कापायला लागलं. माझ्या मते ही यंत्रं अजून धावतात ती याच उधळपट्टीमुळे. गिअरचे दाते झिजत नाहीत. जातं ते सील.

आणि सील हा मुळात चर्मकाराचा धंदा. जर्मनीत वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही १८४९ पासून कातडी कमावणारी पेढी; शिकागोची शिकागो रॉहाइड ही १८७८ पासून चामड्याचे पट्टे करणारी. मोटारी वाढल्या तशा दोघीही फिरत्या शाफ्टभोवतीच्या चामडी सीलांकडे वळल्या. आपल्याकडची मोट पाहिलेल्या माणसाला चामड्याचा स्वभाव सांगावा लागत नाही : तेल पाजत राहिलं तर धरतं, वाळलं की चिरतं. १९३० च्या दशकात तेलाने न फुगणारं कृत्रिम रबर आलं, तसं चामडं मागे पडलं. ओठ रबराचा, त्यामागे बारीक स्प्रिंग, बाहेर पत्र्याचं कडं, ही घडण आजतागायत तीच. पण रबरही वयाने कडक होतं. वर्षानुवर्षं शेडमध्ये उभा राहिलेला ट्रॅक्टर रोज चालणाऱ्यापेक्षा जास्त गळतो, त्याचं कारण हेच.

म्हणून पान्हा नंतर. आधी सगळी पेटी धुऊन कोरडी करायची, वर टाल्कम पावडर मारायची, थोडी गाडी चालवायची आणि ओलं झालेलं सगळ्यात वरचं ठिकाण शोधायचं. त्याआधी ब्रीदर मोकळा आहे ना, ते बघायचं. तो मातीने बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलते. अशी कितीतरी नवी सीलं लोकांनी विनाकारण बसवलेली मी पाहिली आहेत.

सील खरंच गेलं असेल तर ते काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवायचं. ओठ जिथे घासतो तिथे बारीक खाच पडलेली असते. नख अडकलं तर नवं सीलही टिकणार नाही. त्यावरचा इलाजही शिकागो रॉहाइडनेच काढला : जेमतेम पाव मिलिमीटरहून थोड्या जाड स्टेनलेस पत्र्याची बाही, ती शाफ्टवर ठोकून चढवायची. सीलचा ओठ तेलाकडे, पाठ बाहेर. बसवण्याआधी ओठाला तेल लावायचं.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या हायड्रोस्टॅटिक मॉडेलांचं प्रकरण जरा नाजूक. त्यांचा पंप-मोटरचा संच रॉकफर्डच्या संडस्ट्रँडचा. विमानातल्या जनरेटरला एकसारखा वेग देणारी यंत्रं करणारी ही कंपनी. गिअर बदलणं गेलं, एका दांडीवर पुढे-मागे जाता आलं. पण तेलावर दाब आला आणि झिरपण्याच्या जागाही वाढल्या. कंट्रोल शाफ्टच्या सीलमधून तेल पाझरतं आणि लोक दोष ॲक्सलला देतात. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. नुसतं सील बदलून भागत नाही, सगळं तेल काढावं लागतं.

१९८१ मध्ये हार्वेस्टरने कब कॅडेटचा धंदा क्लीव्हलंडच्या एमटीडीला विकला. सीलसाठी मात्र मला क्वचितच अडावं लागतं : शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी मोजून नेली की बेअरिंगचा दुकानदार काढून देतो. माझं भांडण पॅकिंगऐवजी सिलिकॉन थापणाऱ्यांशी आहे. झाकण आवळलं की निम्मं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, पुढे तुकडा सुटतो, फिल्टरात जाऊन बसतो आणि हायड्रोच्या पंपाला तेल पोचत नाही. कागदी पॅकिंग कापायला कात्री आणि थोडा धीर लागतो, बस्स.