उमेदवारी व सामाजिक प्रतिनिधित्व (सातारा–सांगली)

राजकीय पक्षांच्या उमेदवारांमध्ये निरनिराळ्या जातींना, धर्मांना व स्त्रियांना मिळणारा वाटा. अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत ही चर्चा वंश व वर्णाच्या अंगाने होते. महाराष्ट्रात ती मुख्यतः जातीच्या अंगाने होते. सातारा व सांगली जिल्ह्यांत विधानसभेचे प्रत्येकी आठ, असे सोळा मतदारसंघ आहेत. २००८च्या पुनर्रचनेपासून त्यांपैकी फलटण व मिरज अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. दोन्ही जिल्ह्यांत या जातींचे प्रमाण दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास असल्याने हे गणित जवळपास जुळते. उरलेल्या चौदा जागांवर कायद्याचे बंधन नाही. पक्षाची खरी दानत दिसते ती तिथे.

या भागात राखीव जागा एकेकाळी मराठ्यांसाठी मागाव्या लागल्या, हे आज अनेकांना ठाऊक नसते. १९१९च्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात ‘मराठा व तत्सम’ जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. याच सुमारास, १९१९ ते १९२१ या काळात, सातारा जिल्ह्यात सत्यशोधक चळवळीच्या प्रेरणेने कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध उठाव केला. साताऱ्याचे पारशी उद्योजक सर धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पारशी माणूस या जिल्ह्यातून राजकारण करून प्रांताच्या सर्वोच्च पदावर पोचला, हे त्या काळाच्या मोकळेपणाचे लक्षण की श्रीमंतीचे, यावर वाद घालता येईल. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने बहुजन समाजाला सामावून घेतले आणि कारखाना, बँक, दूधसंघ यांच्या जाळ्यातून तिकिटे ठरू लागली. ही जाळी मुख्यतः मराठा घराण्यांच्या हाती होती. सांगली लोकसभा मतदारसंघ १९८० पासून २०१४ पर्यंत वसंतदादा पाटील यांच्या घराण्याबाहेर गेला नाही. २०१४ मध्ये भाजपचे संजयकाका पाटील जिंकले, तर २०२४ मध्ये वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांनी अपक्ष म्हणून जागा परत मिळवली. अंजनीसारख्या गावातून घराण्याच्या आधाराशिवाय वर आलेले आर. आर. पाटील हा अपवाद. तोही जातीचा नव्हे, वर्गाचा. जातीचा अपवाद सांगली शहरात सापडतो. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये या भागातील ब्राह्मणांवर हल्ले झाले होते. त्याच भागात ब्राह्मण असलेले सुधीर गाडगीळ २०१४, २०१९ व २०२४ असे तीनदा निवडून आले.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, ते मिरजेत सर्वांत स्पष्ट दिसते. ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आणि तंतुवाद्ये घडवणारी सतारमेकर घराणी यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या शहरात मुस्लिम वस्ती मोठी आहे. काँग्रेसचे हाफिज धत्तुरे येथून १९९९ व २००४ मध्ये आमदार झाले. पुनर्रचनेत सांगली जिल्ह्यातील जत मतदारसंघ खुला झाला आणि मिरज राखीव झाले. जतमधून २००४ मध्ये राखीव जागेवर जिंकलेले भाजपचे सुरेश खाडे २००९ मध्ये मिरजेत आले आणि तेव्हापासून सलग चार वेळा निवडून आले. एका वंचित समाजाला जागा देताना दुसऱ्याची वाट बंद झाली. दोष पुनर्रचनेपेक्षा पक्षांचा अधिक, कारण शेजारच्या खुल्या मतदारसंघांत मुस्लिम उमेदवार देणे त्यांना कोणी नाकारले नव्हते. २००९ पासून या सोळा जागांवरून एकही मुस्लिम आमदार झालेला नाही. मिरजेचे इद्रिस नायकवडी, सांगली–मिरज–कुपवाड महापालिकेचे माजी महापौर, ऑक्टोबर २०२४ मध्ये आमदार झाले, तेही राज्यपालनियुक्त म्हणून विधान परिषदेवर.

परिषदेचा हा मार्ग जुनाच आहे. फलटण तालुक्यातील, कैकाडी समाजातून आलेले ‘उपरा’कार लक्ष्मण माने हेही तिथूनच विधिमंडळात पोचले. दुसरा मार्ग मते दाखवण्याचा. माण तालुक्यातील पळसावडे येथील महादेव जानकर यांनी राष्ट्रीय समाज पक्ष काढून धनगरांची मते एकवटली. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत त्यांनी सुप्रिया सुळे यांची आघाडी सत्तर हजारांच्या आसपास रोखली. आटपाडी तालुक्यातील गोपीचंद पडळकर यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीकडून सांगलीत सुमारे तीन लाख मते घेतली. त्यानंतर भाजपने त्यांना आधी परिषद आणि मग २०२४ मध्ये जत दिले. तेथे ते निवडून आले. जत हा कानडी बोलणाऱ्या गावांचा सीमेवरचा दुष्काळी तालुका. २००९ मध्येही तेथून धनगर समाजातील प्रकाश शेंडगे भाजपकडून जिंकले होते. म्हणजे मते आधी दाखवावी लागतात, तिकीट नंतर मिळते. संख्येने थोड्या व विखुरलेल्या भटक्या जमातींना हे जमत नाही.

स्त्रियांची उमेदवारी बहुधा घरातूनच आली : कराडमधून दाजीसाहेब चव्हाण यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकी, सांगलीतून १९८३ च्या पोटनिवडणुकीत वसंतदादांच्या पत्नी शालिनीताई पाटील, तासगाव–कवठेमहांकाळमधून २०१५ मध्ये आर. आर. पाटील यांच्या पत्नी सुमनताई पाटील.

स्थानिक संस्थांत चित्र बदलले आहे. महिला, अनुसूचित जाती व इतर मागासवर्ग यांच्या जागा तिथे राखीव असल्याने पक्षांना उमेदवार शोधावेच लागतात. मात्र इतर मागासवर्गाच्या जागेवर कुणबी दाखला घेऊन मराठा उमेदवार उभा राहतो, अशी माळी, धनगर, साळी अशा समाजांची तक्रार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटियरबाबत शासन निर्णय निघाला, तेव्हा मराठा आंदोलकांनी सातारा गॅझेटियरचीही मागणी लावून धरली होती. या मागणीने हा वाद थेट या जिल्ह्यांच्या दारात आला.

स्थानिक संस्थांप्रमाणे विधानसभेच्या राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत. पुढचा बदल २०२६ नंतरच्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेत अपेक्षित आहे.